दुभाजकावरची बैठक

अकोल्यात रस्ता ओलांडताना गाडीकडे बघायचं नसतं. बघितलं की आपण घाबरलो हे चालवणाऱ्याला कळतं, आणि मग तो थांबत नाही. नजर समोर ठेवायची, उजवा हात कमरेच्या जरा वर, पंजा खाली करून धरायचा, वासराला थोपवावं तसा, आणि चालू लागायचं. या हाताचं चित्र वाहतुकीच्या कुठल्याही फलकावर नाही. तरी त्याच्यापुढे सरकीने भरलेले ट्रक थांबलेले मी लहानपणापासून पाहत आले.

माझे वडील रोज संध्याकाळी असा हात धरून पलीकडे जात. पलीकडे एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याभोवती कुणीतरी कधीतरी बांधलेला सिमेंटचा पार होता आणि पारावर त्यांचा मित्र बसलेला असे. बाबा कृषी खात्यात होते. उभं आयुष्य मोटारसायकलवरून बार्शीटाकळीकडच्या गावांत हिंडून लोकांना कपाशीवर काय फवारायचं ते सांगत राहिले. मित्र एसटीत, बसस्थानकावरच्या खिडकीत बसून गाड्या सोडणारे. त्यांना सगळा रस्ता कंट्रोलर म्हणे, मी काका म्हणे. काका माझ्या वडिलांना बोंडअळी म्हणत.

"ये बोंडअळी. आज उशीर केला."

"तुह्या गाड्या कधी टायमावर सुटल्या बे, मले टाइम सांगून राहिला."

जेवायला बोलवायला मला पाठवत तेव्हा एवढं तरी कानावर पडायचंच. जास्त ऐकायची सोय नव्हती. पार पुरुषांचा होता. मुलीने तिथे उभं राहायचं, निरोप द्यायचा आणि परत फिरायचं. रस्त्यावर बाई असेल तर ती कुठेतरी जाताना दिसली पाहिजे, हा आमच्याकडचा नियम होता आणि अजून आहे. पाराचं मी उगाच कौतुक करणार नाही. पारावर जात बसत नव्हती, असंही म्हणणार नाही. बसत होती, फक्त जरा सरकून जागा देत होती.

हे सांगायचं कारण असं की आम्ही कुणबी आणि काका बौद्ध. दोघांनी नोकरीला लागल्यावर समोरासमोर प्लॉट घेतले, घरं बांधली, पोरांची लग्नं केली. एवढ्या वर्षांत ते एकमेकांच्या घरात शिरले ते लग्नाला आणि मौतीला. पूर्वी आमच्या घरात त्यामागे एक कारण होतं. ते कुणी बोलून दाखवत नसे. कारणं बाळगणारी माणसं वारली, सवय राहिली. पुढे आईने काकांना घरी यायचा आग्रह केला, तर बाबाच म्हणाले, "घरी आलं का पाहुणा होते माणूस. पाहुणा काय रोज येते?"

मला तेव्हा ती पळवाट वाटली होती. थोडी होतीही. पण घरात बसलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो, चहा दिला की त्याची वाखाणणी करावी लागते, सून घरात असेल तर आवाज खाली घ्यावा लागतो, आणि निघताना "येतो" म्हणून दोनदा उठावं लागतं. पारावरून माणूस नुसता उठून जातो. त्याला कुणी थांबवत नाही आणि उद्या आला नाही तर कुणी मनाला लावून घेत नाही. दोघांची मैत्री या सैलपणावर उभी होती. पुढे काकांचे गुडघे गेले आणि बाबांचे डोळे. काका म्हणायचे, दोघांचं मिळून एक माणूस धडधाकट आहे.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं.

आधी नागरिकांच्या सूचना मागवण्यासाठी सभा झाली. मी त्या शनिवारी अमरावतीहून आले होते, म्हणून मीही गेले. सभागृहात पंखे कमी आणि हार जास्त होते. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी पडद्यावर आमचा रस्ता दाखवला. तो आमचा आहे हे खाली लिहिलं होतं म्हणून कळलं. लांब कोट घातलेला एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता. एक गोरी बाई स्वेटर घालून हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन उभी होती. एका मुलीकडे फुगे होते. झाडांची पानं तांबूस होती, जशी आमच्याकडे रोग पडल्यावर होतात.

काका मागून उठले. "साहेब, हे बाई सेटर घालून काहून फिरून राहिली? डिसेंबरातलं आहे का हे?"

लोक हसले. सल्लागार तरुण होते, भले होते. म्हणाले, "काका, ती माणसं फक्त कल्पना यावी म्हणून टाकलेली असतात."

"बरं. मंग आमी कुठी आहो याच्यात?"

सल्लागारांनी खरोखर वळून पडद्याकडे बघितलं. क्षणभर शोधलं असावं. मग म्हणाले, "हा सगळा फूटपाथ तुमच्यासाठीच आहे."

"बसलेलं कोणीच दिसून नाही राहिलं."

"बाक आहेत ना. हे बघा."

बाक होते. सुटे, एका माणसाला एक वाटावा असे, मध्ये मध्ये दांड्या लावलेले, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. दोघांना बोलायचं असेल तर मान वळवून बोलावं लागेल, लोकलेखा समितीपुढे बसल्यासारखं.

बाबांनी एकच विचारलं. "पलीकडं जाचं कुठून?"

सल्लागारांनी लाल ठिपक्याने लांबचा चौक दाखवला. तिथे पांढरे पट्टे होते, दिवा होता, सगळं शास्त्रशुद्ध होतं.

"आमाले चौकात नाही जाचं," बाबा म्हणाले. "समोर जाचं आहे."

सल्लागारांनी ते लिहून घेतलं. लिहून घेणं हा नकाराचा सुशिक्षित प्रकार आहे. मी शिक्षकी पेशात असल्याने ओळखते.

इथे अमरावतीचं थोडं सांगते, कारण चालण्याबद्दलचं माझं उरलंसुरलं ज्ञान तिथलं आहे. मी राहते त्या भागात एक सुरेख वॉकिंग ट्रॅक आहे. सकाळी लोक स्कूटरवर बसून तिथे चालायला येतात. गोल गोल चालतात, जिथून निघाले तिथे पोचतात, स्कूटरवर बसून घरी जातात. उलट दिशेने चालू नये अशी पाटी आहे आणि सगळे ती पाळतात. त्याच पाळणाऱ्यांपैकी कुणी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पायी जाताना मला दिसलेलं नाही. मी जाते, तेव्हा निदान एक गाडी शेजारी येऊन थांबते. "काय मॅडम, गाडी बिघडली का?" आमच्याकडे तब्येतीसाठी चालणाऱ्याला मान आहे. पोचण्यासाठी चालणाऱ्याची गाडी बिघडलेली असते, नाहीतर नशीब. तेव्हा शहर सुंदर करणारे लोक पहिल्यासाठी ट्रॅक बांधतात आणि दुसऱ्याला चौक दाखवतात, यात त्यांना दोष देऊन काय उपयोग. आपण जसे चालतो तसे रस्ते आपल्याला मिळतात, आणि आपण चालणं कधीच सोडलं आहे.

सोडलं नव्हतं ते बाबांसारख्यांनी, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं होतं. लिहून घेतलं होतं.

कडुनिंब एका सकाळी गेला. पार त्याच्याबरोबर. फूटपाथ झाला, गुडघ्याएवढा उंच, कारण त्याच्या खालून नाली जाते. आमच्याकडे फूटपाथ म्हणजे नालीचं झाकण. काकांना त्यावर चढता येईना. चढू शकणाऱ्यांनाही चालता येईना, कारण पहिल्याच आठवड्यात त्यावर दुकानांचे जनरेटर, पाण्याचे कॅन आणि एका शोरूमचा हात जोडलेला प्लास्टिकचा माणूस उभा राहिला. लोक पूर्वीसारखे रस्त्यावरूनच चालू लागले. रस्त्याच्या मधोमध दुभाजक आला. चांगला रुंद, आत माती भरलेली. तिथे हिरवळ लावायची होती, पण हिरवळीचं काम वेगळ्या ठेक्यात असल्याने माती तशीच राहिली.

त्यानंतरच्या एका शनिवारी घरी गेले तर बाबा जागेवर नव्हते. आई म्हणाली, "मधात बसले असतीन."

मला कळेना. गेटाबाहेर येऊन पाहिलं तर दोघं दुभाजकावर बसले होते, समोरासमोर, पाय आत मातीत सोडून, एकेका बाजूच्या कडेवर. दोन्हीकडून गाड्या वाहत होत्या. हात दाखवून मी तिथवर गेले आणि रागावले.

"अंगावर येते का गाडी?" बाबा म्हणाले. "मधात तर सगळ्यात सेफ."

काका म्हणाले, "पोरी, पयले हा बोंडअळी पूर्ण रस्ता पार करून येत होता. आता मी अर्धा येतो, हा अर्धा येते. यालेच म्हणते विकास."

आणि वारं होतं तिथे. कडुनिंब गेल्यावर आमच्या रस्त्यावर वाऱ्याला तेवढीच वाट उरली होती. मे महिन्यात दिवसभर भिंती तापलेल्या असतात, संध्याकाळी घर आतून उकळत असतं. हळूहळू सगळा दुभाजक भरला. फुटाणेवाला आला. जेवणं झाल्यावर बायका येऊन बसू लागल्या. पारावर कधी बसल्या नसत्या त्या. पाराचे मालक ठरलेले होते. दुभाजक नवा होता, तिथे कुणाची परंपरा नव्हती, म्हणून त्यांना बसू नका असं सांगायचं कुणाला सुचलं नाही. गाड्या अडवण्यासाठी बांधलेल्या त्या मातीच्या पट्ट्याचा आमच्या लोकांनी कुणालाही न विचारता पार करून टाकला. मी पाहिलेलं नगररचनेचं हे सर्वांत चांगलं काम. ते कुणी केलं हे सांगता येणार नाही.

धोका होता, हे मी नाकारत नाही. एकदा एका पोराची मोटारसायकल कडेला घासत गेली आणि फुटाणेवाल्याची टोपली उलटली. माणसाला लागलं नाही, फुटाण्यांचं नुकसान झालं. पण निमित्त मिळालं. पाहुणे येऊन रस्त्याचं रीतसर उद्घाटन व्हायचंच होतं, आणि उद्घाटनाच्या फोटोत मधोमध म्हातारे बसलेले बरे दिसत नाहीत.

दुभाजकावर लोखंडी कठडा बसला. छातीएवढा, काळा, वर सोनेरी रंगाची भाल्याची टोकं. हे भाले कुणासाठी ते कुणी सांगितलं नाही, पण कळण्यासारखं होतं. मातीत कण्हेरी लावल्या, दोन्ही फूटपाथांवर पडद्यावरचे ते बाक बसवले. उद्घाटनाच्या दिवशी नव्या रस्त्यावर लाल गालिचा अंथरला होता, म्हणजे रस्त्याचं उद्घाटन करणाऱ्यांना रस्त्यावर चालावं लागू नये. पाहुण्यांनी गाडीतून उतरून फीत कापली, तेवढंच चालले, आणि भाषणात म्हणाले की आता हे शहर पुण्यासारखं दिसू लागलं आहे. टाळ्या पडल्या. अकोला अकोल्यासारखं दिसावं अशी मागणी त्या मांडवात कुणाचीही नव्हती, बाबांचीसुद्धा. बाबांची मागणी समोर जायची होती.

काही दिवसांत कठड्याचा एक गज कुणीतरी वाकवला. शाळेच्या मुली, कुत्री आणि सडपातळ माणसं त्यातून आरपार जाऊ लागली. बाबांचं पोट आणि काकांचे गुडघे या सवलतीत बसत नव्हते. दोघं आपापल्या गेटाशी उभे राहून फोनवर बोलत, समोर दिसणाऱ्या माणसाशी. गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नसे, म्हणून दोघंही ओरडत, आणि मग फोनची गरज काय होती असा प्रश्न पडे. पुढे तो गजही सरळ करून जोडला गेला. त्या कामाला मात्र उशीर झाला नाही.

मी म्हटलं, आता काकांनाच घरी बोलवा. आईने फोन केला.

काका ऑटोने आले. चौकापर्यंत जाऊन, वळून, परत. ऑटोवाला उतरवताना म्हणाला, "काका, समोरच तर घर आहे तुमचं."

"समोर आहे म्हणून तर ऑटो केला, बापा."

त्या भेटीत ऐकलेलं त्यांचं हे शेवटचं गमतीचं वाक्य. आत आले ते दुसरेच कुणी होते. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. बाबांनीही पँट घातली होती. आईने ठेवणीतले कप काढले, ट्रे काढला. मनापासून केलं तिने, त्यात खोट नव्हती. काका सोफ्याच्या कडेवर बसले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"घ्या ना," बाबा म्हणाले.

"तुमी घ्या, साहेब."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. घ्या. तुमी. साहेब. इतक्या वर्षांत मी हे शब्द त्या दोघांच्या तोंडून ऐकले नव्हते. वाटत होतं, आता कुणीतरी बोंडअळी म्हणेल आणि सुटका होईल. पण आई समोर बसली होती, माझी वहिनी दाराशी होती, कपाला सोनेरी कड होती. शिव्या द्यायला जागा लागते. ती आमच्या घरात नव्हती, आणि काका इतकी वर्षं इथे चहाला का आले नव्हते ते जुनं कारणही त्या खोलीत होतं, हे बाबा, काका आणि आई तिघांना ठाऊक होतं. पावसाचं बोलणं झालं. गुडघ्याच्या ऑपरेशनचं झालं. काका दोनदा "येतो" म्हणाले आणि दुसऱ्यांदा उठले.

मग रीतीप्रमाणे बाबांना त्यांच्याकडे जाणं आलं. तेही ऑटोने जाऊन आले. काकांच्या सुनेने आलुपोहे केले होते. "चांगले होते," बाबा म्हणाले, आणि त्यानंतर कुणी कुणाकडे गेलं नाही. पाहुणचार फिटला होता.

आता बाबा संध्याकाळी आमच्या बाजूच्या बाकावर बसतात. फूटपाथवर चढायला मी दोन विटांची पायरी लावून दिली आहे. बाक स्टीलचा आहे, सूर्य मावळून बराच वेळ झाला तरी तो निवत नाही, म्हणून बाबा गळ्यातला दुपट्टा घडी करून खाली घेतात. काकाही त्यांच्या बाजूच्या बाकावर येतात, सुनेचा हात धरून. ज्या बाकांची मी सभेत मनातल्या मनात टर उडवली, त्यांची तोंडं रस्त्याकडे असल्याने ती आपोआप एकमेकांकडे आहेत. सल्लागारांच्या हातून झालेलं एवढंच भलं, आणि त्यांच्या ते गावीही नसणार.

काका हात वर करतात. बाबांना माणूस दिसत नाही, पांढरा शर्ट दिसतो. तेही करतात. तोच हात, पंजा खाली केलेला. त्याच्यापुढे आता काही थांबत नाही. गाड्या भाल्यांच्या पलीकडून, अलीकडून जात राहतात.

परवा गेले होते तेव्हा मीही बाजूच्या बाकावर बसले. आमच्या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले होते, कुठेही जात नसताना, आणि कुणी वळून पाहिलं नाही. पाहायला कुणी नव्हतंच. पाण्याचा टँकर आला. आमच्या नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. आईने पिंपं भरून झाकून ठेवली होती. टँकरवाल्याने नळी सोडून कण्हेरींना शांतपणे पाणी घालायला सुरुवात केली. त्या चांगल्या वाढल्या होत्या. आमच्या समोरची तर कठड्याच्या वर डोकं काढू लागली होती. तिच्या फांद्यांतून काकांच्या शर्टाचा एक तुकडा दिसत होता.

मी उठून कडेला गेले आणि टँकरवाल्याला हाक मारली. म्हटलं, "भाऊ, हे एक झाड सोडत जा ना. एवढंच."

"काहून, ताई?"

मी बाकावरच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं, मग पलीकडे. त्याने दोन्हीकडे पाहिलं. समजला असावा. नळी त्याने पुढच्या झाडावर नेली. "पाहातो. साहेब नसला का सोडत जाईन."

मी परत येऊन बसले आणि बाबांना सांगितलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

बाबांनी डोळे बारीक करून त्या हिरव्या ढिगाऱ्याकडे बघितलं, बांधावर उभं राहून दुसऱ्याच्या शेतातली कपाशी जोखावी तसं.

"कण्हेर आहे ते," ते म्हणाले. "गुरं तोंड लावत नाहीत. कीड पडत नाही. उनानं मरत नाही." दुपट्ट्याची घडी त्यांनी जरा सरकवून घेतली. "अन् पाणी नाही टाकलं तरी वाढते."